मायनिंग करून बाहेरदेशी जायचंय? आधी दगड ठरवा, देश नंतर

दर दिवाळीला गावी आलो की दोन-तीन पोरं तरी घरी येतात, सोबत वडील नाहीतर मामा, आणि प्रश्न ठरलेला, दादा मायनिंगमधनं ऑस्ट्रेलियाला जायचंय, काय करायला लागंल. आमचा खानापूर तालुका, गाव विट्याजवळ, इथं घरटी कोण ना कोण गलाईत, कोणाचा चुलता पंजाबात, कोणाचा मेव्हणा केरळात, सोनं-चांदी गाळायचं काम पिढ्यांचं, त्यामुळं लांब जायची भीती कुणालाच नाही. पण जे सोनं आपण गाळतो ते दगडातनं काढतं कोण, हे आमच्याकडं कुणाला माहीत नव्हतं, मलाही बारावीपर्यंत नव्हतं. त्याला कारणही आहे म्हणा, सांगली-सातारा सगळा काळ्या पाषाणाचा मुलूख, आपल्याकडं खाण म्हणजे क्रशरची खडीची खाण नाहीतर पलीकडं कोल्हापूरच्या सड्यावरचं बॉक्साइट. कोळसा आणि मँगनीज सगळं विदर्भात. तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदा लिहून काढतोय, लांबलंय, सवडीनं वाचा.

सगळ्यात आधी एक खूळ डोक्यातनं काढा, की देश ठरवायचा आणि मग त्या देशाच्या मागं लागायचं. मायनिंगमध्ये उलटं असतं. तुम्ही कोणत्या दगडात काम केलंय आणि कसं केलंय, वरून की जमिनीखाली, यावरनं तुम्हाला कोणता देश घेणार ते ठरतं. पाच वर्षं कोळशाच्या ओपनकास्टला, म्हणजे वरून उघडी खोदलेल्या खाणीत, काढलेल्या माणसाला वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या अंडरग्राउंड खाणीत सहसा कोणी विचारत नाही, तो कितीही हुशार असू दे. त्याचा रस्ता क्वीन्सलँडचं बोवेन बेसिन, न्यू साउथ वेल्सची हंटर व्हॅली, इंडोनेशियातलं कालीमांतान नाहीतर मोझांबिकचं टेटे. लोखंडाचा ओपनकास्ट केला असेल तर वेस्टर्न ऑस्ट्रेलियातलं पिल्बारा. आणि धातूच्या अंडरग्राउंडचा अनुभव असेल, म्हणजे शिसं, जस्त, तांबं, सोनं, तर झांबियाचं कॉपरबेल्ट, काँगोत कोलवेझी, घानात ओबुआसी, टांझानियात गेटा, कॅनडात सडबरी आणि टिमिन्स, आणि अख्खं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया. मला पास झाल्यावर दोन ऑफर होत्या, एक चंद्रपूरकडं कोळशाची, एक राजस्थानात शिसं-जस्ताच्या अंडरग्राउंडची, पगार दुसऱ्याचा कमी होता, आणि मी ती घेतली ती काय लय विचार करून नाही, रूममेट तिकडं चालला होता म्हणून. त्या एका गोष्टीवर माझी पुढची सगळी वर्षं उभी आहेत. तुम्ही तरी विचार करून घ्या.

आता शिक्षण. महाराष्ट्रात बी टेक मायनिंगसाठी नागपूरचं व्हीएनआयटी, शिवाय चंद्रपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात ही ब्रँच आहे. बाहेर धनबाद, १९२६ साली इंडियन स्कूल ऑफ माइन्स म्हणून सुरू झालेलं, २०१६ पासून आयआयटी. मग खरगपूर, बनारस, राउरकेला, सुरतकल. जेईईला मार्क बेताचे पडले की घरचे म्हणतात कॉम्प्युटरच पाहिजे, मिळंल तिथं घे, आणि मायनिंगची सीट चांगल्या कॉलेजात कमी रँकला मिळून जाते ती सोडली जाते. निर्णय तुमचा, पण कॉलेज बघताना एक गोष्ट तपासाच, त्या ब्रँचला एनबीएचं, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशनचं, टियर वन अॅक्रेडिटेशन आहे का आणि तुमच्या पासआउट वर्षाला ते चालू असणार का. वॉशिंग्टन अॅकॉर्ड म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांच्या देशात मानायचा करार, भारत २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला, त्यामुळं असं अॅक्रेडिटेशन असलेली डिग्री ऑस्ट्रेलिया, कॅनडा वगैरे ठिकाणी ओळखली जाते आणि पुढं बराच कागदी ताप वाचतो. माझ्या वेळी हे कोणी सांगितलं नाही.

सांगलीच्या वालचंदला किंवा कराडला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल करणाऱ्यांनी लगेच तोंड पाडू नका. खाणीत जेवढे मायनिंगवाले लागतात तेवढीच मशीन सांभाळणारी माणसं लागतात. डंपर, लोडर, दगडात भोकं पाडणारा ड्रिल जंबो, खाणीची लिफ्ट ओढणारा वाइंडर, पंप. आमच्या साइटवर एक मिरजेचा डिप्लोमावाला आहे, हेवी व्हेइकल मेंटेनन्समध्ये, माझ्यापेक्षा त्याला नोकरीची कमी काळजी. सिव्हिलवाल्यांना जिओटेक्निकल आहे, दगड कुठं टिकतो आणि कुठं ढासळतो ते बघायचं काम.

सुट्टीतलं ट्रेनिंग धातूच्या खाणीत करा. आपल्याला सगळ्यात जवळची चालू सोन्याची खाण म्हणजे हट्टी, जत-विजापूर-लिंगसुगूर करत गेलं की रायचूर जिल्ह्यात. कोलार २००१ ला बंद पडली, ती तीन किलोमीटरच्या खाली गेलेली. हट्टीच्या केजमधनं, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधनं, एकदा खाली उतरा, अंधार, दमट हवा, कानात दडे, आणि तिथंच कळेल की हे आपल्याला जमतंय का नाही. माझ्या बॅचचा एकजण पहिल्याच दिवशी वर आला तो परत खाली गेला नाही, आता बँकेत आहे आणि मजेत आहे, त्यात लाज काय नाही, पण हे चौथ्या वर्षाला कळण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाला कळलेलं बरं.

पोरींसाठी वेगळं सांगतो कारण आई-वडील हेच विचारतात. आपल्याकडं १९५२ च्या माइन्स अॅक्टमध्ये बायकांना अंडरग्राउंड कामाला बंदी होती, २०१९ मध्ये सरकारनं अटी घालून टेक्निकल, सुपरवायझरी आणि मॅनेजरच्या कामाला सवलत दिली. ऑस्ट्रेलियात आमच्या क्रूमध्ये जंबो चालवणारी बाई होती, तिच्याइतकं सरळ ड्रिलिंग मी कमी बघितलंय.

बरं, पास झालात. आता खरी गोष्ट सुरू होते, आणि इथंच निम्मी पोरं चुकतात. पहिली चार-पाच वर्षं भारतातच काढा. डायरेक्ट फ्रेशर म्हणून बाहेर मायनिंगची नोकरी जवळपास मिळत नाही, आणि तिकडं शिकायला जाऊन मग नोकरी हा रस्ता आहे, कालगुर्लीचं स्कूल ऑफ माइन्स आहे, अमेरिकेत कोलोराडो आहे, पण कर्ज काढून जाणार असाल तर घरच्यांशी शेताच्या उताऱ्यासकट बोला.

या चार-पाच वर्षांत डीजीएमएसचं सर्टिफिकेट काढायचं. डीजीएमएस म्हणजे खाण सुरक्षा महानिदेशालय, ऑफिस धनबादला, त्यांची सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास मॅनेजरची परीक्षा. कोळशाचं सर्टिफिकेट वेगळं, धातूचं वेगळं, आणि त्यातही रिस्ट्रिक्टेड म्हणजे फक्त ओपनकास्टला चालणारं आणि अनरिस्ट्रिक्टेड म्हणजे दोन्हीकडं चालणारं. अनरिस्ट्रिक्टेडच काढा, त्यासाठी अंडरग्राउंडचा ठरलेला अनुभव लागतो, तेवढे दिवस खाली काढा, ऑफिसात प्लॅनिंगला बसवलं तरी साहेबाच्या मागं लागून शिफ्ट मागून घ्या. डिप्लोमावाल्यांना कोळशात ओव्हरमन आणि धातूत फोरमन. हे सर्टिफिकेट बाहेर जसंच्या तसं चालत नाही, तिथं तिथल्या कायद्याचा पेपर वेगळा द्यावा लागतो, पण इंटरव्ह्यूत समोरच्याला कळतं की या माणसानं सहीची जबाबदारी घेतलेली आहे. बाहेर पगार त्या सहीचा असतो.

आणि कागद जमवा. हे मी तीन-तीनदा सांगतो आणि कोणी ऐकत नाही. प्रत्येक नोकरी सोडताना लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात तारखा, पद, आठवड्याचे तास, नक्की काय काम केलं, अंडरग्राउंड किती, मशीन कोणती, माइनिंग मेथड कोणती, आणि खाली मॅनेजरची सही-शिक्का. नुसतं ‘यांनी आमच्याकडं समाधानकारक काम केलं’ असलं पत्र रद्दीच्या भावाचं. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, मेडिकलचा फॉर्म ओ, सगळ्याचं स्कॅन. माझा एक जुना मॅनेजर रिटायर होऊन गावी गेला, त्याची सही घ्यायला मी उदयपूरहून बिहारात गेलोय, दोन ट्रेन बदलून, आणि तो घरी नव्हता. दुसऱ्या दिवशी भेटला, जेवण घातलं, सही दिली. तेव्हा सोडतानाच घ्या.

शिवाय रोज एक वही ठेवा. आज काय झालं, कुठला स्टोप (धातूचा दगड काढतात ती जागा), काय अडलं, मी काय केलं. याचा उपयोग सांगतो. ऑस्ट्रेलियाला जाताना इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडनं स्किल असेसमेंट लागतं, मायनिंग इंजिनिअरचा कोड २३३६११. ज्यांची डिग्री अॅकॉर्डमध्ये बसत नाही त्यांना सीडीआर नावाचा रिपोर्ट लिहावा लागतो, त्यात तुमच्या कामाचे तीन प्रसंग, प्रत्येकी १,००० ते २,५०० शब्द. इथं आपली पोरं दोन घोळ घालतात. एक, पैसे देऊन कोणाचा तरी जुना रिपोर्ट विकत घेतात, तो पकडला जातो आणि अर्ज तर जातोच, वर काही काळ परत अर्ज करायची सोयही राहत नाही. दुसरा घोळ संस्कारातला आहे, आपल्याला ‘मी केलं’ म्हणायला लाज वाटते, आपण लिहितो ‘आमच्या टीमनं केलं’. तिथं टीम नको असते. डिक्लाइनमध्ये, म्हणजे खाली उतरणाऱ्या बोगद्यात, हवा कमी पडत होती, मी मोजली, मी फॅनची जागा बदलायचा हिशोब केला, मी तो साहेबाला पटवला, अशी भाषा पाहिजे. माझा पहिला ड्राफ्ट वाचून सिनिअर म्हणाला, हे सगळं वाचून तू तिथं होतास का नाही तेच कळत नाही.

वयाचं पण बघा. ऑस्ट्रेलियाच्या पॉइंटवाल्या व्हिसाला २५ ते ३२ वयाला सगळ्यात जास्त, ३० पॉइंट, आणि ४५ नंतर दार बंद. म्हणजे बावीसला पास, सत्तावीसपर्यंत भारतात, मग अर्ज, हे गणित बरोबर बसतं. पॉइंटवाला नको असेल तर कंपनी स्पॉन्सर करते तो ४८२ नंबरचा व्हिसा, तो बहुतेकांना आधी मिळतो.

पण माझा स्वतःचा सल्ला विचाराल तर मधी एक आफ्रिकेचा टप्पा टाका. लोक नाक मुरडतात. मी झांबियात कॉपरबेल्टवर तीन वर्षं काढली, किटवेला, आणि जेवढं तिथं शिकलो तेवढं कुठं नाही, कारण तिथं माणसं कमी आणि प्रॉब्लेम जास्त, पंप बंद पडला तर मॅन्युअल शोधत बसायला वेळ नसतो, कॉपरबेल्टच्या काही खाणी जगातल्या सगळ्यात जास्त पाणी लागणाऱ्या खाणींत मोडतात. भारतातला शिफ्ट इनचार्ज तिथं लवकर सेक्शनचा प्रमुख होतो. आणि आफ्रिकेत ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन, दक्षिण आफ्रिकेच्या साहेबांबरोबर काम होतं, त्यांच्यातलाच एकजण पुढं पर्थला गेला आणि त्यानं मला बोलावून घेतलं. आपल्याकडं गलाईवाला एकजण गावाला जातो आणि मागनं भाचा, मग मेव्हणा, मग शेजारी, तसंच आहे हे.

आफ्रिकेला जाताना यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, पिवळं पुस्तक मिळतं ते पासपोर्टला रबर लावून ठेवा. २०१६ पासून ती आयुष्यभर चालते. मलेरियाला हलक्यात घेऊ नका, गावाकडं सुट्टीवर आल्यावर ताप आला तर विट्याच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की मी आफ्रिकेतनं आलोय, नाहीतर व्हायरल म्हणून चार दिवस जातात.

चिलीबद्दल पण विचारतात. तांब्याचा जगातला सगळ्यात मोठा देश, पण स्पॅनिश आल्याशिवाय जमत नाही, आणि अँडीजमधल्या काही खाणी ४,००० मीटरच्या वर, आपलं कळसूबाई १,६४६. तिथलं मेडिकल वेगळंच असतं.

आता रोस्टर, म्हणजे किती दिवस काम आणि किती दिवस सुट्टी, पगाराच्या आधी हा शब्द विचारायचा. फिफो म्हणजे विमानानं साइटवर जायचं, ठरलेले दिवस १२-१२ तास काम करायचं आणि विमानानं घरी यायचं. दोन-एक म्हणजे १४ दिवस काम ७ दिवस सुट्टी. आठ-सहा म्हणजे ८ दिवस काम ६ दिवस सुट्टी. ऐकायला फरक थोडा वाटतो पण हिशोब घाला, दोन-एकला २१ दिवसांत १६८ तास, म्हणजे आठवड्याला ५६. आठ-सहाला १४ दिवसांत ९६ तास, म्हणजे आठवड्याला ४८. पगार पाच-दहा टक्क्यांनी जास्त आहे म्हणून दोन-एक घेतलं तर तासाला तुम्ही कमीच कमावताय. आफ्रिकेत परदेशी माणसाला सहा आठवडे काम तीन आठवडे सुट्टी असंही देतात, आठवड्याची सुट्टी नसेल तर त्याचेही तास तेवढेच, ५६, पण त्यात तीन आठवडे सांगलीत राहता येतं, शेत बघता येतं, तिकीट कंपनीचं. बायको-पोरं गावीच ठेवणार असाल तर हे बरं. पोरांची शाळा पर्थला करणार असाल तर आठ-सहा. हे लग्नाआधी ठरवलं तर उत्तम, मी नंतर ठरवलं, जाऊ द्या.

सरपॅक, डेस्विक, डेटामाइन यातलं एक खाणीच्या प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर हाताला लागू द्या, नाव लिहिण्यापुरतं नको, टेस्टला बसवतात. आणि भविष्यात रिझर्व्हच्या, म्हणजे खाणीत काढण्याजोगा साठा किती याच्या, रिपोर्टवर सही करायची असेल तर साठा जाहीर करायचे नियम, ऑस्ट्रेलियाचा जॉर्क कोड आणि कॅनडाचा एनआय ४३-१०१, माहीत पाहिजेत. कॅनडाचा तो नियम ब्री-एक्स नावाच्या कंपनीच्या घोटाळ्यानंतर आला, इंडोनेशियातल्या जंगलात प्रचंड सोनं सापडलं म्हणून शेअर आकाशाला नेले आणि १९९७ मध्ये कळलं की नमुन्यांतच सोनं मिसळलेलं. जॉर्कनुसार सही करणाऱ्याला त्याच प्रकारच्या धातूसाठ्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. बघा, परत दगडावरच आलो.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नका आणि घ्यापण. आयईएलटीएस होतं. होत नाही ते रेडिओ. खाली आवाज, धूळ, पंख्याची घरघर आणि त्यात ऑस्ट्रेलियन माणूस अर्धे शब्द गिळून बोलतो. पहिल्या आठवड्यात मला सांगितलं बॉगर घेऊन ये, मी उभाच, नंतर कळलं लोडरला तिथं बॉगर म्हणतात, आणि जेवायच्या खोलीला क्रिब रूम. न कळता ‘येस येस’ म्हणायची आपली सवय तिथं जीव घेईल, ब्लास्टिंगच्या वेळेला तर नक्कीच. ‘से अगेन’ म्हणा, दहा वेळा म्हणा, कोणी रागवत नाही.

रोज सकाळी ब्रेथलायझरमध्ये फुंकायचं, आणि अधनंमधनं अचानक ड्रग टेस्ट. आदल्या रात्रीची बिअरसुद्धा दिसते. एक गंमतीची वाटणारी पण खरी गोष्ट, खसखशीनं टेस्ट बिघडू शकते, तेव्हा ड्यूटीच्या दिवसांत खसखशीचा रस्सा नको. मेडिकलला फुप्फुस, कान, पाठ, रंग ओळखणं, शुगर, बीपी सगळं बघतात. धुळीचा मास्क दाढीवर बसत नाही म्हणून दाढी काढावी लागते, छत्रपतींसारखी ठेवणाऱ्या दोघांनी त्यावरनं नोकरी नको म्हटलेली मी बघितलीयत. पण सिलिकाची धूळ फुप्फुसातनं परत निघत नाही, ऑस्ट्रेलियानं २०२० मध्ये मर्यादा अर्धी करून घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅमवर आणली ती उगाच नाही.

एजंट. मी स्वतः फसलोय म्हणून सांगतो. एका मोठ्या शहरातल्या ऑफिसनं आफ्रिकेतल्या नोकरीचं पत्र दाखवलं, खाण खरी, लोगो खरा, पत्र खोटं, ८०,००० रुपये गेले, आणि मी ते आण्णांना दोन वर्षं सांगितलं नाही. तेव्हा एवढं बघा, परदेशी भरती करणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला पाहिजे, नोंदणी नंबर तिथं टाकून बघता येतो, आणि तो कायद्यानं तुमच्याकडनं जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. चांगल्या मायनिंग कंपन्या इंजिनिअरकडनं पैसेच घेत नाहीत. व्हिजिट व्हिसावर या, तिथं आल्यावर वर्क परमिट करू, असं म्हणाला की उठायचं. ऑफर आली की त्या खाणीत काम करणारा एक तरी माणूस लिंक्डइनवर शोधून मेसेज टाका, उत्तर देतात लोक.

इन्कम टॅक्ससाठी वर्षात भारतात किती दिवस राहिलात ते मोजत जा, नोकरीसाठी बाहेर गेलेल्याला १८२ दिवसांचा आकडा महत्त्वाचा, इकडची कमाई १५ लाखांवर असेल तर नियम अजून कडक. सहा-तीनच्या रोस्टरला वर्षात साधारण १२० दिवस इकडं होतात, त्यात कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण धरलं की वाढतात. बाहेरची कमाई ठेवायला एनआरई खातं उघडा आणि सांगलीतला सीए असू दे, पण ज्यानं हे आधी केलंय असा.

राहिलं सामान. आई पेढे देणार, साताऱ्याचे कंदी. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर घेऊ नका, दुधाच्या मिठाया तिथं आत सोडत नाहीत, माझा एक किलोचा बॉक्स पर्थच्या विमानतळावर माझ्यासमोर पिवळ्या डब्यात गेला. दंड नाही झाला कारण कार्डावर खायचं सामान आहे म्हणून टिक केली होती. शेंगदाण्याची चटणी, मसाला, जे काय न्याल त्याची टिक करा, ऑफिसर उघडून बघतो आणि सोडायचं ते सोडतो. पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, त्यामुळं संध्याकाळी सहाला शिफ्ट सुटून फोन केला तर घरी साडेतीन वाजलेले असतात, आणि आई झोपलेली असते, तेव्हा सातला करा.